हरलेल्यांचा सॅक्सोफोन

येत्या २३ सप्टेंबरला ‘एजा’ पन्नासाव्या वर्षात पदार्पण करेल. सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हटले की आपल्याकडे मांडव, सत्कार आणि स्मरणिका आल्याच. ‘स्टीली डॅन’ या अमेरिकी बँडच्या या अल्बमच्या नशिबी त्यातले फारसे काही नसावे. असलेच, तर त्याच्या दोन्ही कर्त्यांनी त्या मांडवाची यथेच्छ टिंगल केली असती. दोघांपैकी वॉल्टर बेकर ३ सप्टेंबर २०१७ रोजी गेले. दुसरे, डोनाल्ड फेगन, त्यांच्यामागे एकट्यानेच ते नाव चालवत आले. दोघेही मुलाखत देताना प्रश्न विचारणाऱ्याला इतके गोल फिरवत, की बिचारा शेवटी स्वतःच्याच प्रश्नाबद्दल साशंक होऊन परतत असे. अशांचे गौरवगान करायचे तर थोडी सावधगिरी हवी. पण आम्ही त्यांचे जुने भक्त आहोत, आणि भक्ताला सावधगिरी फार वेळ साधत नाही.

सात गाणी, जेमतेम चाळीस मिनिटे. हा ऐवज बाजारात आला ते १९७७ हे साल रॉकच्या इतिहासातले भांडणाचे साल. लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ची पोरे तीन कॉर्डच्या बळावर जुनी व्यवस्था उलथवायला निघाली होती. वाद्य नीट वाजवता येणे हाच जणू गुन्हा ठरत होता. दुसरीकडे डिस्कोचा पूर येऊ घातला होता. अशा वेळी दोन चष्मिष्ट, तिरकस, पुस्तकी माणसे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत महिनोन्महिने बसून एकेक स्वर घासूनपुसून घेत होती. गंमत अशी की लोकांनी त्यांनाही उचलून धरले. ‘एजा’ अमेरिकेच्या अल्बम-यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि बँडला पहिल्यांदाच प्लॅटिनमचा मान मिळाला. ध्वनिमुद्रणासाठीचे ग्रॅमीही त्याला मिळाले. मात्र तेव्हापासून एक आक्षेप त्याला चिकटून आहे. हे संगीत फार गुळगुळीत आहे, फार थंड आहे, त्यात जीव नाही, असा तो आक्षेप. आम्हाला तो मुळातच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवणारा वाटतो. ‘एजा’ हा गर्विष्ठ तंत्रज्ञांचा नव्हे, दोन चाहत्यांचा अल्बम आहे. आपल्याला जे वाजवता येत नाही त्यावर जन्मभर जीव टाकणाऱ्या चाहत्यांचा.

फेगन यांचे बालपण न्यू जर्सीतल्या केंडल पार्क या उपनगरात गेले. एकसारखी घरे, एकसारखी हिरवळ, आणि कंटाळा. रात्री उशाशी रेडिओ घेऊन हा मुलगा न्यूयॉर्कहून येणारे जॅझचे कार्यक्रम ऐके. मॉर्ट फेगा हा त्याचा आवडता निवेदक. शनिवार-रविवारी बस पकडून ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात जायचे आणि मिंगस, मंक यांना डोळे भरून पाहायचे, हे त्याचे पौगंडावस्थेतले तीर्थाटन. बेकर क्वीन्सचे. तेही तसेच जॅझवेडे, आणि वर ब्लूजच्या गिटारीचा नाद. १९६७ मध्ये बार्ड कॉलेजात दोघांची गाठ पडली. बेकरची गिटार कानावर पडली आणि फेगन थबकले, अशी ती हकिगत. कॉलेजातल्या त्यांच्या एका हंगामी बँडमध्ये ड्रम वाजवायला चेव्ही चेस होता, जो पुढे विनोदी नट म्हणून गाजला. कॉलेज संपल्यावर न्यूयॉर्कच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये गाणी विकण्याचा प्रयत्न झाला. तिथे ती घेणारे कोण असणार? त्या गाण्यांतले स्वर अनपेक्षित ठिकाणी वळत आणि शब्द त्याहून. अखेर गॅरी कॅट्झ या निर्मात्याने दोघांना १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला नेले आणि एबीसी या कंपनीत पगारी गीतकार म्हणून चिकटवले. इतरांसाठी लिहिलेली गाणी इतर कुणी गाईना, म्हणून मग बँड काढावा लागला.

बँडचे नाव विल्यम बरोजच्या ‘नेकेड लंच’ या कादंबरीतल्या एका वस्तूवरून घेतलेले आहे. ती वस्तू कोणती, हे अग्रलेखात लिहिण्याची आमची तयारी नाही. जिज्ञासूंनी कादंबरी मिळवावी. पहिला अल्बम १९७२ च्या अखेरीस आला. त्यातल्या ‘डू इट अगेन’मध्ये मधोमध सतारीसारखे झणझणणारे एक वाद्य ऐकू येते. ती डेनी डायस यांनी छेडलेली इलेक्ट्रिक सतार. नाव सतारीचे, हात गिटारचा, आणि चाल मात्र लॅटिन ठेक्यावर डुलणारी. या मिश्रणात पुढचे सारे बीजरूपाने होते. १९७४ च्या ‘प्रेट्झेल लॉजिक’मध्ये तर दोघांनी आपली कुलदैवते उघडच मांडली. ‘रिकी डोन्ट लूझ दॅट नंबर’ हे त्यांचे सर्वांत लोकप्रिय गाणे सुरू होते तेच हॉरेस सिल्व्हरच्या ‘साँग फॉर माय फादर’ची आठवण करून देणाऱ्या ठेक्यावर. त्याच अल्बममध्ये चार्ली पार्करवर एक गाणे आहे, आणि ड्यूक एलिंग्टन यांची १९२० च्या दशकातली एक रचना जशीच्या तशी आहे. त्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत ट्रम्पेटला झाकण लावून काढलेला जो घोगरा, माणसासारखा आवाज आहे तो बेकर यांनी गिटारीतून काढला. रॉकच्या तरुण ग्राहकाने हे मागितले नव्हते. त्याच्या हाती ते गुपचूप सरकवण्यात आले.

त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी दौरे बंद केले. फेगन यांना मंचाची धास्ती वाटे. आपला आवाज गायकाचा नाही, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणूनच सुरुवातीला डेव्हिड पामर या वेगळ्या गायकाला घेतलेले. शिवाय रोज रात्री गावोगावी तेच गाणे त्याहून वाईट वाजवायचे, ही कल्पनाच त्यांना छळत होती. दौरे थांबले तसे सोबतचे वादकही पांगले आणि ‘स्टीली डॅन’ म्हणजे दोन माणसे आणि एक टेलिफोन एवढेच उरले. बँड म्हणजे भाऊबंदकी, चार दोस्त, एक गॅरेज, ही रॉकची लाडकी पुराणकथा. ती यांनी शांतपणे मोडीत काढली. गाणे लिहून झाले की त्याला साजेसे वादक बोलवायचे आणि पटले नाही तर त्याच गाण्यासाठी सबंध नवा ताफा आणायचा, अशी त्यांची रीत. ‘केटी लाइड’मधल्या ‘डॉक्टर वू’साठी फिल वुड्स, ‘द रॉयल स्कॅम’मधल्या ‘किड शार्लमेन’साठी लॅरी कार्लटन. वुड्स यांच्यासारख्या ज्यांच्या तबकड्या पोरवयात ऐकल्या त्या मंडळींना आता रॉकच्या पैशाने मेहनताना देता येत होता.

मुंबईच्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. ताडदेव, महालक्ष्मीच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेले कितीतरी वादक याच रीतीने पिढ्यान्‌पिढ्या राबले. रात्री क्लबात जॅझ वाजवायचे आणि सकाळी चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रणाला हजर व्हायचे. आपल्या तबकड्यांवर त्यांची नावे बहुधा छापली गेली नाहीत. ‘एजा’च्या वेष्टनावर मात्र प्रत्येक गाण्यापुढे ड्रम कुणाचे, बास कुणाची, सॅक्सोफोन कुणाचा हे तपशीलवार छापलेले आहे. ज्याने लहानपणी जॅझच्या तबकड्यांची मागची बाजू पाठ केली असेल, त्यालाच हे सुचते. ज्या काळात रॉकच्या वेष्टनांवर गायकाच्या केसांखेरीज दुसरे काही दिसत नसे, त्या काळात यांच्या वेष्टनावर दर्शनी बाजूला सायोको यामागुची ही जपानी मॉडेल काळोखात जवळजवळ विरघळून गेलेली, आणि आत वादकांची यादी. मुखपृष्ठावर कर्त्यांचा चेहरा नाही.

ती यादी वाचत वाचत ऐकावा असा हा अल्बम आहे. ‘पेग’ घ्या. वरकरणी फुलपाखरासारखे गाणे, सिनेमात नशीब काढायला निघालेल्या मुलीचे. त्यातल्या काही सेकंदांच्या गिटारीसाठी एकामागून एक नामवंत वादक आले, वाजवून गेले, आणि प्रत्येकाला नम्रपणे नकार मिळाला. शेवटी जे ग्रेडन आले आणि तासन्‌तास झटून त्यांनी ती जागा भरली. १९९९ च्या एका माहितीपटात फेगन आणि बेकर मिश्रणाच्या टेबलापाशी बसून ते नाकारलेले तुकडे एकेक करून वाजवताना दिसतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी खट्याळ क्रूरता आहे ती पाहण्यासारखी आहे. गंमत म्हणजे ते नाकारलेले तुकडेही वाईट नाहीत. फक्त ते या गाण्याचे नाहीत. ग्रेडनची गिटार घसरत, अडखळल्यासारखी येते आणि हसून निघून जाते. एकदा ऐकली की दुसरे काही तिथे बसूच शकत नाही.

याच गाण्यात बास वाजवणाऱ्या चक रेनी यांचा किस्सा त्याहून रंगतदार. तारेवर अंगठ्याने थाप मारून वाजवण्याची शैली तेव्हा फार बोकाळली होती आणि मालकांना ती नको होती. रेनींना मात्र गाण्याला तीच हवी हे दिसत होते. मग त्यांनी चक्क पाठ फिरवली आणि हात दिसणार नाहीत अशा बेताने थाप मारून घेतली. मालकांना आवडली. म्हणजे हुकूमशहा म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या स्टुडिओत चोरूनमारून केलेली मनमानीही तबकडीवर कायम झाली, कारण अखेरचा निवाडा कान देत होता. मागे मायकल मॅकडोनल्ड यांनी एकट्याच्या आवाजाचे थरावर थर चढवून जी स्वरांची भिंत उभी केली आहे, ती ऐकताना अजूनही माणसाला आपण खुर्चीत नीट बसलो आहोत ना हे तपासावेसे वाटते.

‘होम अ‍ॅट लास्ट’ ही ओडिसियसची गोष्ट, डोलकाठीला स्वतःला बांधून घेणाऱ्याची. त्याला सरधोपट शफलचा ठेका नको, अशी अट होती. बर्नार्ड पर्डी यांनी मान डोलावली आणि शफलच वाजवला, पण असा की मधल्या हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांतच सारी लय लपलेली. ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि जगभरचे ड्रमवादक ती घोटत बसले.

आणि मग शीर्षकगीत. आठ मिनिटांचे. या गाण्याबद्दल नेमस्तपणे लिहिणे आम्हाला जमणार नाही. पहिला अर्धा भाग जणू एखादी कुजबूज, टेकडीवरच्या कुठल्याशा आश्रयस्थानाची. मग शब्द थांबतात आणि संगीत उरते. माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवलेले, ‘वेदर रिपोर्ट’चे एक संस्थापक वेन शॉर्टर टेनर सॅक्सोफोन घेऊन आत येतात, त्यांच्या पाठीशी स्टीव्ह गॅड. बारीक लिपीत लिहिलेली कित्येक पाने समोर ठेवलेली, आणि गॅड यांनी फारशा फेऱ्या न करता ती पार केली. शॉर्टर मोजकेच बोलतात. एक लांब स्वर, मग विराम, मग एकदम भोवरा. त्या विरामांत गॅड जे करतात ते साथ या शब्दात मावत नाही. हे रॉक आहे का जॅझ, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. एवढेच नोंदवतो की लाखो घरांत, ज्यांनी शॉर्टर हे नाव आयुष्यात ऐकले नव्हते, त्यांच्या सुया या गाण्यावर फिरल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत जॅझ यात्रेचा प्रारंभ झाला आणि सॉनी रोलिन्ससारखा टेनरचा बादशहा इथल्या श्रोत्यांनी समोरासमोर ऐकला. ज्यांना ते भाग्य लाभले नाही अशा अनेक रॉकप्रेमींसाठी टेनर सॅक्सोफोनचे दार ‘एजा’नेच उघडले.

पण अल्बमचा प्राण त्या गाण्यात नाही. तो ‘डीकन ब्लूज’मध्ये आहे. अलाबामाच्या फुटबॉल संघाला भरजरी पदवी असते, जिंकणाऱ्यांना बिरुदे मिळतात. मग हरणाऱ्यांनाही एखादे झोकदार नाव का नसावे, या विचारातून ते निघाले. उपनगरातला एक मध्यमवयीन इसम. उद्या आपण हे सारे सोडू, सॅक्सोफोन शिकू, मनात येईल ते वाजवू, रात्रभर दारू पिऊ आणि गाडीच्या चाकामागे मरू, असे तो स्वतःला सांगतो. तो शिकणार नाही हे त्याला ठाऊक आहे, फेगन यांना ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तरीही गाणे त्याला हसत नाही. ते त्याला ऐपतीपलीकडचे काही देते. त्याच्या स्वप्नातला सॅक्सोफोन प्रत्यक्ष वाजतो, पीट क्रिस्टलिब यांच्या हातून. क्रिस्टलिब दूरचित्रवाणीवरच्या ‘टुनाइट शो’च्या वाद्यवृंदात नोकरीला होते. तिथले काम आटोपून ते स्टुडिओत आले, दोनदा वाजवले आणि थोड्याच वेळात घरी गेले. दुसरी फेरी कायम झाली. एका गाण्यात कित्येक गिटारवादक परत पाठवायचे आणि दुसऱ्यात दुसऱ्याच फेरीला होकार द्यायचा, यात विसंगती नाही. योग्य तेच वाजले आहे हे ज्यांना कळते त्यांना थांबायचे कधी हेही कळते. आणि केंडल पार्कच्या अंधारात रेडिओला कान लावून पडलेला तो मुलगा या गाण्यातल्या इसमापासून कितीसा दूर होता? त्याला एक बेकर भेटला, एवढाच फरक.

म्हणूनच गुळगुळीतपणाचा आरोप आम्हाला पटत नाही. तो गुळगुळीतपणा आहे, निश्चित आहे. त्यांच्या स्वरसंगतीतली एक लाडकी युक्तीच घ्या: साध्या मेजर कॉर्डमध्ये दुसरा स्वर खुपसून द्यायचा. दोन स्वर खेटून उभे राहतात, थोडेसे कुरकुरतात, आणि गोडीत एक खडा राहतो. गाण्यांचेही तसेच. ‘ब्लॅक काउ’ हे एका शीतपेयाचे नाव, चाल मलईदार, आणि आत काय तर नशेत भटकणाऱ्या बाईला एक थकलेला पुरुष सांगतो आहे की पेला संपव आणि निघ. आधीच्या अल्बमांत एलएसडी बनवणारा फरारी रसायनतज्ज्ञ, स्वप्नाच्या मागे न्यूयॉर्कला येऊन फसलेले पोर्तोरिकोचे स्थलांतरित, जुगारी, लोचट, बढाईखोर, असा सगळा गोतावळा. ही माणसे नेहमीच्या रॉकच्या आरडाओरड्यात मांडली असती तर त्यांची करुणा तरी आली असती किंवा भीती. या रेशमी स्वरांत ती शेजारची वाटू लागतात. ‘यॉट रॉक’ असे एक थट्टेचे लेबल गेली वीसेक वर्षे या साऱ्या काळाला चिकटवले जाते, म्हणजे श्रीमंतांच्या नौकेवर वाजवायचे संगीत. वाजवा खुशाल, नौकेवरच्या यजमानाने शब्दांकडे लक्ष दिले नाही म्हणजे झाले. हिपहॉपवाल्यांनी मात्र फार आधी ओळखले होते. ‘डे ला सोल’ने १९८९ मध्ये ‘पेग’ची फीत कापून आपल्या गाण्यात लावली, १९९७ मध्ये ब्राँक्सच्या दोघांनी ‘ब्लॅक काउ’वर आपल्या वस्तीचे गाणे उभारले. रस्त्यावरच्या पोरांना त्यात थंडपणा जाणवला नाही.

अर्थात ध्यासाला किंमत पडते, आणि ती पुढच्या ‘गाउचो’ने वसूल केली. एक गाणे साहाय्यकाच्या हातून चुकून पुसले गेले आणि पुन्हा तसे जमलेच नाही. ध्वनिमुद्रक रॉजर निकल्स यांनी ड्रमचे ठोके साठवून हव्या त्या क्षणी टाकणारे एक यंत्रच बनवले, कारण आता माणसाची लयही पुरेना. बेकर व्यसनात रुतत गेले, त्यांची मैत्रीण अतिसेवनाने गेली, नंतर त्यांना एका मोटारीने उडवले. शीर्षकगीताची सुरावट आपली आहे म्हणून कीथ जॅरेट यांनी हक्क सांगितला आणि सहलेखनाचे श्रेय मिळवले. अल्बम १९८० च्या नोव्हेंबरात आला, आणि पुढच्या वर्षी जोडी फुटली. ‘गाउचो’ आम्हाला प्रिय आहे, पण तो ऐकताना खिडक्या बंद असल्यासारखे वाटते. ‘एजा’त त्या उघड्या होत्या, रेनी पाठ फिरवून चोरी करू शकत होते. दोन दशकांनी दोघांचा नवा अल्बम आला आणि २००१ मध्ये त्या ‘टू अगेन्स्ट नेचर’ने एमिनेम आणि रेडिओहेड यांना मागे टाकून वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी नेले. तो निकाल बहुधा ‘एजा’चे जुने देणे फेडण्यासाठी असावा, असे भक्त असूनही आम्हाला वाटते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नव्या आवृत्त्या निघतील, जुन्या फिती उकरून नव्या मिश्रणाचे बेत आखले जातील. ‘एजा’च्या बाबतीत त्याला एक अडचण आहे. ‘ब्लॅक काउ’ आणि ‘एजा’ या दोन गाण्यांच्या मूळ, वाद्ये सुटी सुटी असलेल्या दोन इंची फिती हरवल्या असल्याचे दोघांनी १९९९ मध्ये फेरमुद्रित आवृत्तीसोबतच्या टिपणात जाहीर केले होते. त्या मिळवून देणाऱ्याला बक्षीसही लावले होते, सहाशे डॉलर. लाखो रुपयांच्या गिटारी परत पाठवणाऱ्यांनी एवढेच! २०२३ मध्ये तबकडीची नवी आवृत्ती काढतानाही मूळ अंतिम फीत हाती नव्हती. एका नकलेवरून काम भागवावे लागले. आम्हाला याचे तितकेसे दुःख नाही. शॉर्टरचा सॅक्सोफोन थोडा पुढे आणू, गॅडच्या झांजा थोड्या उजळवू, असे कुणा हौशी अभियंत्याला त्या आठ मिनिटांत करता येणार नाही. दुसऱ्या कुणाच्याही कानावर विश्वास नसलेल्या या दोघांवर, फिती नेणाऱ्याने कोण जाणे, मेहेरबानीच केली असेल.